कामांबेर : नाव जगाचं, गाव दोनशे माणसांचं

सायडरवाला

चीजच्या जुन्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "कामांबेर ही कंपनी नक्की कुठल्या देशाची?" तिथे उत्तर लिहायला बसलो आणि ते लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

कामांबेर ही कंपनी नाही, गाव आहे. फ्रान्सच्या वायव्येला नॉर्मंडीत, ऑर्न जिल्ह्यात, विमूतिए नावाच्या बाजारगावापासून चार-पाच किलोमीटरवर. वस्ती दोनशेच्या आतली. मी राहतो तिथून गाडीने फार लांब नाही, त्यामुळे भारतातून पाहुणे आले की त्यांना तिकडे नेणं ओघानं आलंच. आणि गाडीतून उतरल्यावर जवळपास प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: "गाव कुठंय?"

प्रश्न रास्त आहे. उतारावर एक जुनं चर्च, एक मेरी म्हणजे महापौराची कचेरी, चीजच्या गोल चकतीच्या आकाराचं एक माहितीकेंद्र, एका बड्या चीज कंपनीनं थाटलेलं संग्रहालय, आजूबाजूला मोजकी घरं. खलास. किराणा नाही, बेकरी नाही. पाव आणायचा तर विमूतिएला जा. बाकीचं गाव टेकड्यांच्या घड्यांत विखुरलेलं आहे. प्रत्येक शेतकऱ्याचं घर आपापल्या जमिनीच्या मधोमध, आणि दोन शेतांमध्ये माणसाच्या डोक्यावरून जाणारी झाडांची कुंपणं. खालून वियेत नावाची छोटी नदी जाते. तिला नदी म्हणायचं ते नकाशात तसं लिहिलंय म्हणून, एरवी ओढाच.

या पट्ट्याला पेई द'ओज म्हणतात. जुनी घरं लाकडी सांगाड्याची, मधल्या जागा माती आणि पेंढा कालवून भरलेल्या, म्हणजे कुडाच्याच भिंती. कुरणात उंच खोडाची सफरचंदाची झाडं, त्यांच्याखाली गाई. झाडांच्या फांद्या खालून एका पातळीत कापल्यासारख्या दिसतात. माळ्याची करामत वाटते, पण ते काम गाईंचं. मान वर करून जिथवर पोचता येतं तिथवरचा पाला त्या ओरबाडून खातात. शरद ऋतूत फळं गळायला लागली की गाई तिथून हलवाव्या लागतात, कारण आख्खं सफरचंद घशात अडकून गाय दगावते.

गाय नॉर्मांद जातीची. पांढऱ्या अंगावर तपकिरी शिंतोडे आणि डोळ्यांभोवती तपकिरी वर्तुळं, चष्मा लावल्यासारखी. होल्स्टीनपेक्षा दूध कमी, पण फॅट आणि प्रथिनं जास्त. चीज करणाऱ्याला पाणी नकोच असतं, त्यामुळे त्याला हीच गाय हवी.

आता चीज. गावात स्वतःच्या गाईंच्या दुधाचं कामांबेर करणारं अगदी एखादंच शेत उरलंय. तिथे काचेतून काम बघता येतं. खोली गरम आणि दमट. मोठ्या घमेल्यात कच्चं दूध, म्हणजे न तापवलेलं, विरजण आणि रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं द्रव्य, घालून जमवलेलं. जेलीसारखं थरथरणारं ते दही उभं कापतात. जाळीच्या चटईवर बिनबुडाचे, भोकाभोकांचे साचे ओळीनं मांडलेले. कामगार घमेल्यात डाव बुडवतो, डाव भरून दही अलगद एका साच्यात सोडतो आणि पुढच्या साच्याकडे सरकतो. प्रत्येक साच्यात एकच डाव. पूर्ण रांग झाली की थांबायचं. नियमाने किमान चाळीस मिनिटं. तोवर पहिला थर पाणी सोडून खाली बसतो. मग दुसरा डाव. असे पाच. म्हणजे पहिल्या डावापासून पाचव्यापर्यंत जवळपास पावणेतीन तास जातात, आणि त्या वेळात कुणी दही दाबत नाही, ढवळत नाही, घाई करत नाही. चक्का टांगून ठेवतो तसंच, फक्त फडक्याऐवजी साचा. सकाळी काठोकाठ भरलेला साचा संध्याकाळी निम्म्याहून खाली गेलेला असतो. मग उलटायचं, दुसऱ्या दिवशी कोरडं मीठ लावायचं आणि थंड खोलीत फळीवर ठेवायचं. दोन लिटरहून थोड्या जास्त दुधातून अडीचशे ग्रॅमची एक चकती. पांढरी बुरशी धरून ती खाण्याजोगी व्हायला किमान तीन आठवडे.

आणि याच्यामागची सांगितली जाणारी गोष्ट. १७९१ साली, क्रांतीच्या धामधुमीत, सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार देणारा एक पाद्री गावातल्या बोमोन्सेल या वाड्यात लपला होता. तो ब्री प्रांताकडचा, तिथल्या चीजची रीत त्याला माहीत. त्याने ती मारी आरेल या शेतकरणीला सांगितली आणि तिने कामांबेर जन्माला घातलं. मारी आरेल खरी होती, १७६१ साली शेजारच्या क्रूत गावात जन्मलेली. तिच्या लेकीने आणि नातवंडांनी हा धंदा खूप वाढवला हेही खरं.

१९२६ साली जोसेफ निरिम नावाचा अमेरिकन डॉक्टर विमूतिएत येऊन थडकला. त्याचं म्हणणं, पोटाच्या दुखण्यावर आपल्याला आणि आपल्या रुग्णांना कामांबेरनं गुण आला, तेव्हा हे चीज बनवणाऱ्या बाईचा पुतळा झाला पाहिजे. वर्गणीची पहिली रक्कम त्यानेच ठेवली. दोन वर्षांत पुतळा उभा राहिला आणि अनावरणाला फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष मिलराँ आले. १४ जून १९४४ ला अमेरिकन विमानांनी विमूतिएवर बाँब टाकले. गाव जवळजवळ भुईसपाट झालं, दोनशेच्या वर नागरिक गेले आणि मारी आरेलच्या पुतळ्याचं डोकं उडालं. युद्धानंतर नवा पुतळा दिला तोही अमेरिकनांनीच. ओहायोतल्या वॅन वर्ट गावातल्या चीज कारखान्याच्या ४०० कामगारांनी. पुतळ्याखाली तसं कोरलेलं आहे. डोकं नसलेली जुनी बाईही गावानं टाकून दिली नाही, तीही आहे.

मला स्वतःला चीजपेक्षा ही माणसं जास्त आवडतात. प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं लिहितो.

चिंचोळीकर

वा! वाचनखूण साठवली. "पाव आणायचा तर विमूतिएला जा" वाचून आमच्या वाडीची आठवण झाली.

एक शंका. रेनेट म्हणजे वासराच्या पोटातलं तेच ना? मग हे शाकाहारी म्हणायचं की नाही? आमच्याकडे आता आईसमोर पिझ्झ्याचं नाव काढायची सोय राहिली नाही, कुणीतरी व्हॉट्सॅपवर पाठवलंय.

सायडरवाला

@चिंचोळीकर, तेच. दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या जठरातून काढतात. आज जगात बरंचसं चीज बुरशीपासून किंवा जंतूंपासून काढलेल्या रेनेटवर होतं आणि भारतात विकलं जाणारं चीज बहुधा तसंच असतं, पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर खुशाल खा. पण ज्याच्यावर "कामांबेर द नॉर्मांदी" असं लिहिलेलं असतं आणि लाल-पिवळा गोल शिक्का असतो, ते पारंपरिक रेनेटचंच. आईंना ते देऊ नका. इथे माझे दोन शाकाहारी मित्र आहेत, एक खातो, एक खात नाही, आणि दोघांची भांडणं ऐकायला मजा येते.

नाना_अकलूजकर

लेख झकास. आम्ही दुधाच्या धंद्यातले, म्हणून जरा वेगळे प्रश्न.

१) जमीन कुणाची? स्वतःची की खंडाने?
२) दुधाला भाव कोण ठरवतं?
३) पोरं शेतीत राहतात का?

पर्यटकी वर्णन सगळेच करतात, तुम्ही तिथे राहता म्हणून विचारतोय.

सायडरवाला

@नाना, हेच प्रश्न मेरीतल्या बाकड्यावर बसलेले म्हातारे विचारतात. :)

जमीन दोन्ही प्रकारची, पण खंडाने कसण्याचं प्रमाण खूप आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, १९४५-४६ मध्ये, इथे खंडकऱ्यांसाठी कायदा झाला. करार कमीत कमी नऊ वर्षांचा, मालकाला वाटेल तेव्हा काढता येत नाही, खंडाची वरखाली मर्यादा सरकार बांधून देतं आणि जमीन विकायला काढली तर कसणाऱ्याचा पहिला हक्क. आपल्या कूळ कायद्याशी ताडून बघण्यासारखं आहे. फरक असा की इथे कूळ मालक झालं नाही, पण हलवताही येत नाही. मालक शहरात, जमीन गावात, आणि दोघांचं पिढ्यान्‌पिढ्या बरं चाललेलं, अशी उदाहरणं भरपूर. शिवाय १९६० पासून 'साफेर' नावाची संस्था आहे. शेतजमिनीचा कुठलाही सौदा आधी तिच्या कानावर घालावा लागतो. पॅरिसच्या एखाद्या श्रीमंताने अवाच्या सवा भाव देऊन कुरण घ्यायचं ठरवलं तर साफेर मध्ये पडून ती जमीन तरुण शेतकऱ्याकडे वळवू शकते. श्रीमंतांनी त्यातून पळवाटा काढल्याच आहेत, कंपनी काढून तिचे शेअर विकत घ्यायचे वगैरे.

भाव हजार लिटरवर बोलतात आणि तो ठरवते डेअरी. १९८४ पासून युरोपात दुधाचा कोटा होता, किती लिटर घालायचं ते बांधलेलं. १ एप्रिल २०१५ ला कोटा गेला. पुढची दोनेक वर्षं भाव असा कोसळला की या पट्ट्यातल्या कित्येकांनी गोठा बंद करून कुरणं नांगरली आणि मका-गहू लावला. तुम्ही सफरचंदाच्या झाडाखालच्या गाईंचे फोटो बघता ना, त्याच्या पलीकडच्या टेकडीवर सपाट मका असतो, तो फोटोत येत नाही.

पोरांचं विचाराल तर, २०१० च्या कृषिगणनेत फ्रान्समध्ये सुमारे ४ लाख ९० हजार शेतं होती, २०२० मध्ये ३ लाख ९० हजार. म्हणजे दहा वर्षांत लाखभर बंद झाली. जमीन पडीक नाही राहिली, शेजाऱ्याकडे गेली. शेतं कमी आणि मोठी.

गार्गी_तुलूझ

छान धागा. मी दक्षिणेला आहे, तुलूझला. इथे विमानांच्या कारखान्यांमुळे मराठी माणसं बरीच, पण शहराच्या हद्दीबाहेर अर्धा तास गेलं की तुम्ही म्हणताय तेच फ्रान्स सुरू होतं. नवऱ्याच्या आजोळच्या गावी आम्ही सुट्टीत जातो, म्हणून थोडी भर.

त्या गावांचं वेळापत्रक मनगटावरच्या घड्याळावर नाही, आवाजांवर चालतं. सकाळी चर्चची घंटा. बारा ते दोन सगळं बंद, त्या वेळात कुणाच्या दारात जाणं म्हणजे उद्धटपणा. महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बरोबर बाराला धोक्याचा भोंगा वाजतो, चाचणी म्हणून. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी टेबलाखाली जायच्या बेतात होते आणि सासूबाई शांतपणे सूप वाढत होत्या.

दुसरं म्हणजे बोंजूर. बेकरीत, डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत, रस्त्यात अनोळखी माणूस भेटला तरी आधी बोंजूर. तो न म्हणता थेट "दोन पाव द्या" म्हणालात तर पाव मिळतो, पण माणूस कायमचा जातो.

आणि आमच्याकडची एक ताजी गोष्ट. २०२३ च्या शेवटी तार्न जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी गावांच्या नावाच्या पाट्या उलट्या लावायला सुरुवात केली. तोडफोड नाही, फक्त दोन-चार बोल्ट काढायचे, पाटी फिरवायची, बोल्ट परत घट्ट. म्हणायचं असं की इथे सगळं डोक्यावर उभं राहून चाललंय: शेती वाचवा म्हणता आणि शेतकऱ्याला कागदात गाडता. बघताबघता देशभर पाट्या उलट्या झाल्या आणि २०२४ च्या जानेवारीत ट्रॅक्टर महामार्गांवर आले. तिकडे तुमच्या नॉर्मंडीत पण झालं का?

सायडरवाला

@गार्गी, झालं की! विमूतिएकडे येणाऱ्या रस्त्यांवर ओळीनं उलट्या पाट्या होत्या. पाहुण्यांना वाटायचं वाऱ्यानं फिरल्या.

संशयात्मा

लेख वाचनीय, पण मारी आरेलच्या गोष्टीत पाणी बरंच आहे आणि धागाकर्त्याने ते चक्क्यासारखं गाळलेलं नाही. (हलके घ्या.)

तोमा कोर्नेय याच्या १७०८ च्या भूगोलकोशात विमूतिएची नोंद आहे. तिथे दर सोमवारी मोठा बाजार भरतो आणि त्यात लिवारो आणि कामांबेरची उत्तम चीजं येतात, असं त्यात छापलेलं आहे. १७०८! म्हणजे मारीबाईंच्या जन्माच्या अर्धशतक आधी. मग शोध कसला? आणि पाद्री ब्रीचा म्हणून त्याला चीज येत असणार हा तर्क तर फारच गोड आहे. उद्या मी नागपूरचा म्हणून मला संत्र्याची बर्फी येते असं म्हणाल.

माझा संशय असा की ही कथा पुतळ्याबरोबर पक्की झाली. पुतळा हवा तर चेहरा हवा, चेहरा हवा तर नाव आणि साल हवं. क्रांती, लपलेला पाद्री, दयाळू शेतकरीण. फ्रान्समधल्या राजभक्तांनाही चालेल आणि प्रजासत्ताकवाल्यांनाही.

सायडरवाला

@संशयात्मा, १७०८ ची नोंद बरोबर आहे आणि तो सोमवारचा बाजार विमूतिएत आजही भरतो. आरेल कुटुंबाने काय केलं असेल तर जुन्या चीजला आजच्यासारखा आकार आणि पद्धत दिली, आणि पुढच्या पिढ्यांनी ते विकायचं कसं ते ओळखलं. पॅरिसहून लिझ्यूकडे जाणारी रेल्वे १८५५ ला सुरू झाली आणि आठवडी बाजारातलं चीज ताजं असतानाच पॅरिसला पोचायला लागलं. १८९० च्या सुमाराला पॉप्लरच्या पातळ लाकडाची गोल डबी आली. मऊ चीज त्याआधी गवतात गुंडाळून जायचं आणि पोचेपर्यंत त्याचं पिठलं व्हायचं. डबी आल्यावर ते जहाजानं अमेरिकेलाही जाऊ लागलं. मग पहिलं महायुद्ध. सैनिकांच्या शिध्यात कामांबेर गेलं आणि खंदकात बसलेल्या दक्षिणेतल्या, पूर्वेतल्या पोरांना, ज्यांनी नॉर्मंडीचं नावही ऐकलं नव्हतं, त्याची चटक लागली. ते घरी परतले आणि जिथे-तिथे कामांबेर बनायला लागलं.

मूळ दुखणं इथे आहे. नॉर्मंडीतल्या उत्पादकांनी १९०९ मध्ये संघ काढला आणि नाव फक्त आपलंच राहावं म्हणून कोर्टात धावपळ केली. १९२६ मध्ये ऑर्लेआँच्या कोर्टाने निकाल दिला की कामांबेर हे आता सर्वसाधारण नाव झालंय, कुणीही कुठेही वापरा. ज्या वर्षी नाव हातचं गेलं, त्याच वर्षी अमेरिकन डॉक्टर पुतळ्याचे पैसे घेऊन आला. त्यामुळे तुमचा संशय मला पटतो. पुतळा ही बाईची आठवण कमी आणि "हे आमचं आहे" असं दगडात लिहून ठेवणं जास्त. कायदा ऐकत नाही म्हटल्यावर गोष्ट सांगायची.

म्हणूनच ओहायोच्या कामगारांनी पुतळा द्यावा यातली गंमत मला जाम आवडते. तेही तिकडे अमेरिकन कामांबेरच बनवत होते.

मेधा_के

मी सूक्ष्मजीवशास्त्रातली, त्यामुळे बुरशीबद्दल थोडं. कामांबेरवरची ती शुभ्र पांढरी बुरशी जुनी नाही. एकोणिसाव्या शतकातलं कामांबेर निळसर-करडं, ठिपक्याठिपक्यांचं असायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रयोगशाळेत निवडलेली पांढरी जात वापरात आली, कारण गिऱ्हाइकाला पांढरं स्वच्छ वाटतं. गेली शंभरेक वर्षं तीच एक जात कलमासारखी पुढे-पुढे चालवली जातेय. २०२४ च्या जानेवारीत फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेनं, सेएनएरएसनं, लिहिलं होतं की या जातीची बीजाणू तयार करायची ताकद आता इतकी कमी झालीय की पुरेशी बुरशी मिळवणं उद्योगाला कठीण जातंय. त्यावर "कामांबेर नामशेष होणार" अशा बातम्या आल्या, तसं काही नाही. पण वैविध्य मारलं की काय होतं त्याचं हे पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. शेवटी कदाचित जरा करडं, डागाळलेलं कामांबेर खायची सवय करावी लागेल, म्हणजे मारीबाई खायच्या तसं.

नाना_अकलूजकर

मेधाताई, भारी माहिती.

सायडरवाले, म्हणजे आता नावाला काहीच संरक्षण नाही?

सायडरवाला

@नाना, अर्धवट आहे. १९८३ मध्ये "कामांबेर द नॉर्मांदी" या पूर्ण नावाला संरक्षण मिळालं. कच्चं दूध, डावाने साचे भरणं, दूध ठरलेल्या भागातलं, निम्म्या तरी गाई नॉर्मांद, वर्षातले किमान सहा महिने चराई. पण नुसतं "कामांबेर" कुणाचंही. आणि मधली एक चलाख जागा होती: "नॉर्मंडीत बनवलेलं कामांबेर". दूध कुठलंही, पाश्चराइझ केलेलं, फक्त कारखाना नॉर्मंडीत. डबीवर तीच गाय, तीच सफरचंदाची फांदी. असं चीज खऱ्यापेक्षा साधारण दहापट विकलं जायचं. उभ्या-उभ्या डबी उचलणाऱ्याला "द" आणि "त बनवलेलं" यातला फरक काय कळणार?

२००७ मध्ये दोन मोठ्या उत्पादकांनी म्हटलं, कच्च्या दुधात जंतूंचा धोका, आम्हाला दूध थोडं तापवायची परवानगी द्या. नाही मिळाली, ते संरक्षित नावातून बाहेर पडले. २०१८ मध्ये तडजोड ठरली: एकाच नावाखाली दोन्ही, वर कच्च्या दुधाची खास श्रेणी. देशभर स्वयंपाक्यांनी आणि चीजवाल्यांनी बोंब मारली आणि २०२० मध्ये खुद्द उत्पादकांच्या मतदानात तडजोड पडली. मग सरकारने २०२१ पासून "नॉर्मंडीत बनवलेलं" हे शब्दच डबीवरून काढायला सांगितले, त्यावर पुन्हा कोर्टबाजी.

गंमत म्हणजे डाव हातात धरायलाच हवा असा नियम नाही. यंत्राचा हात पाच वेळा थांबून-थांबून डाव टाकतो, तोही चालतो. ज्याला "परंपरा" म्हणायचं ते माणसाचा हात नसून चाळीस मिनिटांचं थांबणं आहे, असं मला वाटतं. यंत्रालासुद्धा थांबावं लागतं.

गार्गी_तुलूझ

थोडं कडू लिहिते, रागावू नका. धाग्यात सगळं चीज-सायडर-कुरण चाललंय. हिवाळ्यात साडेपाचलाच अंधार पडतो तेव्हा या गावांत काय असतं? डॉक्टर निवृत्त झाला की दुसरा येत नाही. एका पाद्र्याकडे पंचवीस-तीस चर्च, रविवारची प्रार्थना पाळीपाळीने. शेवटचं दुकान बंद झालं की म्हाताऱ्यांना बोलायला माणूस उरत नाही. आणि निम्मी घरं पॅरिसवाल्यांची किंवा इंग्रजांची, वर्षातून दोन महिने उघडी.

या नव्या लोकांची दुसरी तऱ्हा. गाव हवं, पण गावाचे आवाज नकोत. ओलेराँ बेटावर मोरिस नावाच्या कोंबड्यावर शेजाऱ्यांनी पहाटे आरवतो म्हणून दावा लावला होता, २०१९ मध्ये कोंबडा जिंकला! त्यानंतर कुणी बेडकांवर, कुणी चर्चच्या घंटेवर, कुणी शेणाच्या वासावर दावे लावले. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये कायदाच केला की गावाकडचे आवाज आणि वास हाही वारसा आहे.

सायडरवाला

@गार्गी, रागावू कशाला, खरं आहे ते. कामांबेरमध्ये हिवाळ्यात माहितीकेंद्र बंद असतं तेव्हा रस्त्यावर दुधाची टँकर सोडली तर गाडी दिसत नाही.

पण एक गोष्ट मला अजून नवलाची वाटते. दोनशे माणसं, तरी पूर्ण नगरपालिका! फ्रान्समध्ये अशा पस्तीस हजार कम्यून आहेत, निम्म्याहून जास्त पाचशे वस्तीच्या आतल्या. पॅरिसच्या महापौराला लग्न लावायचा जो अधिकार, तोच इथल्याला. इथला महापौर मात्र बहुतेक वेळा शेतकरी किंवा निवृत्त माणूस, तुटपुंजा भत्ता, आणि झाड रस्त्यावर पडलं की करवत घेऊन पहिला हजर तोच. सरकार वर्षानुवर्षं सांगतंय, कम्यून एकत्र करा, खर्च वाचेल. काहींनी केल्या. बऱ्याच जणांनी ऐकून घेतलं आणि विषय बदलला. नॉर्मन माणूस "हो" किंवा "नाही" म्हणत नाही असं बाकीचे फ्रेंच म्हणतात. "असेलही, नसेलही" हे त्याचं उत्तर. मी जमिनीचा, गाईचा, मुलीच्या लग्नाचा विषय काढून पाहिलाय, तेच उत्तर येतं. फक्त सफरचंद यंदा कसं आहे विचारलं की अर्धा तास.

आग विझवणारेही गावकरीच. देशातले साधारण ऐंशी टक्के अग्निशामक स्वयंसेवक आहेत. पेजर वाजला की बेकरीवाला पीठ तसंच टाकून पळतो.

खादाडखाऊ

आमच्यासारख्यांसाठी कुणी काही लिहीतच नाही. कामांबेर खायचं कसं? आणि तुमच्या आयडीतलं ते सायडर?

सायडरवाला

@खादाडखाऊ, फ्रीजमधून तासभर आधी काढा. डबी उघडून अंगठ्यानं मध्यावर दाबा. कडेइतकंच मऊ लागलं तर पूर्ण पिकलंय, मध्ये टणक लागलं तर आत खडूसारखी पांढरी रेघ असेल. इथल्या जुन्या लोकांना ती थोडी रेघ आवडते. पार वाहायला लागलेलं आणि नाकात अमोनिया जाणारं चीज शौकिनांचं म्हणून शहरातले लोक खातात. पोळीसारखं नाही, केकसारखं त्रिकोणी कापा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मधलं आणि कडेचं दोन्ही येतं. साल काढू नका.

सायडर म्हणजे आंबवलेला सफरचंदाचा रस, बिअरइतकाच चढतो. तोच भट्टीत गाळला की काल्वादोस, चाळीस टक्के तरी दारू. लांब जेवणाच्या मध्ये एक घोट काल्वादोस घेतात, पोटात पुढच्या पदार्थाला "भोक पाडायला". पूर्वी बागवाल्यांना घरच्या फळाची दारू काही प्रमाणात बिनकराची गाळायचा वारसाहक्क होता. १९६० च्या सुमाराला तो हक्क पुढच्या पिढीकडे जायचा बंद केला, ज्याच्याकडे होता त्याच्या मरणापर्यंतच. त्यामुळे गावात काही आजोबांच्या प्रकृतीची सगळं कुटुंब फार मनापासून काळजी घ्यायचं. भट्टी घेऊन गावोगाव फिरणारा माणूस अजून आहे, हिवाळ्यात येतो, आता कर भरून.

चिंचोळीकर

आजोबा! :D

पुढील लेखनाला शुभेच्छा. पुढच्या जूनमध्ये पॅरिसला येणं होतंय. एका दिवसात जमेल का? गाडी चालवायची हिंमत नाही.

सायडरवाला

@चिंचोळीकर, गाडीशिवाय अवघड आहे, खोटं कशाला सांगू. पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनवरून लिझ्यू दोनेक तास. तिथून पुढे तीसेक किलोमीटर, बस अगदीच थोड्या, शाळेच्या वेळांना बांधलेल्या. लिझ्यूला टॅक्सी आधीच बोलून ठेवा किंवा कुणी चालवणारा बरोबर घ्या. सोमवारी या, म्हणजे विमूतिएचा बाजार मिळेल. दोन्ही पुतळे बघा. विमूतिएहून गासेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जर्मनांनी ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेताना टाकून दिलेला टायगर रणगाडा अजून उभा आहे, मुलं बरोबर असतील तर त्यांना तोच सगळ्यात आवडेल. इतिहासाची आवड असेल तर फ्रेंच क्रांतीतला पुढारी मारा याला भोसकणारी शार्लोत कोर्दे याच टापूतल्या शेतघरात १७६८ साली जन्मली, तेही वाटेत होईल.

बारा ते दोन मध्ये पोचू नका. आणि कुणाशीही बोलायच्या आधी बोंजूर, गार्गीताईंनी सांगितलंय ते विसरू नका. तारीख नक्की झाली की व्यक्तिगत निरोप करा, मी त्या दिवशी मोकळा असलो तर लिझ्यूहून घेऊन जाईन.

नाना_अकलूजकर

आमच्या गावचे दोघं-तिघं दूधवाले पण यायचं म्हणताहेत. त्या शेतात गोठा बघू देतात का, की फक्त काचेतून?

सायडरवाला

@नाना, आधी कळवलं तर बघू देतात बहुतेक. नॉर्मनला विचारून बघतो, "असेलही, नसेलही" आलं तर ते हो धरा.